लाख रकान्यांची ओळ

‘हे वह्या सांभाळतात,’ असे आमच्या सौ. शेजारणींना सांगतात, आणि ते काही खोटे नाही. माझ्या वहीचे नाव कॅसँड्रा. फेसबुकात अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी ती घडवली आणि २००८ साली ती सर्वांना खुली झाली. वही शेकडो यंत्रांवर विभागता येते. एक ओळ मात्र तुटत नाही, अखंड एकाच यंत्रावर बसते. तिच्या प्रती काय त्या दुसरीकडे!

आणि ओळ तरी केवढी? विजेच्या मीटरची दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्या. वर्षाचे ३५,०४० रकाने होतात.

२०१२ साली परदेशातल्या एका वीजकंपनीचे काम आमच्याकडे होते. एका म्हाताऱ्या बाईंना अवाच्या सव्वा बिल आले होते. तीन वर्षांची ओळ, लाखावर रकाने! सगळी एकदम मागावी, तर यंत्राचाच जीव गुदमरायचा. म्हणून शंभर रकाने मागायचे, शेवटचा ध्यानात ठेवायचा आणि पुढची मागणी त्याच्यापासून करायची. रकाने काळाच्या क्रमाने लावलेले, म्हणून हे साधते. गंमत अशी, की तो शेवटचा रकाना पुढच्या खेपेला पहिला म्हणून पुन्हा हजर! तो गाळला नाही, तर बाईंची वीज दोनदा मोजली जायची. म्हणजे शंभरांत नवे नव्याण्णवच. (२०१३ पासून पाने उलटायचे हे काम वहीच करू लागली.)

सातशेव्या खेपेच्या सुमारास सापडले. बाई इस्पितळात, घराला कुलूप, आणि पहाटे तीनला मीटरने एकदम चारशे युनिटांची उडी मारलेली! पुढच्याच महिन्यात त्यांचे पैसे परत गेले.