लेकीची सुटी आणि घरातला न मांडलेला हिशेब

व्यापारी घरात मुलीच्या उन्हाळी सुटीचा हिशेब बहुधा आधीच मांडलेला असतो. चैत्र-वैशाखात पापड आणि वर्षभराचे मसाले, अक्षय्य तृतीयेला नात्यातल्या कोणाचे तरी वर्षीतपाचे पारणे, त्यामागोमाग लग्नसराई, आणि उरलेच दिवस तर मामाकडे आठवडाभर. मुलगाही त्याच सुटीत राबतो. पण तो पेढीवर बसला की 'काम शिकतो' असे म्हणतात आणि मुलगी घरात राबली की 'मदत करते' असे म्हणतात. या दोन क्रियापदांतील अंतर किती, हे मोजण्याची एक स्वतंत्र विद्याशाखा आहे. तिला मराठीत स्त्री अभ्यास किंवा लिंगभाव अभ्यास म्हणतात.

नाशिकला रविवार कारंजाच्या परिसरात किराणा आणि सुकामेव्याची पिढीजात पेढी असलेल्या एका घरात गेल्या दिवाळीनंतर हाच विषय निघाला. अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या थोरल्या मुलीने सांगितले की, येत्या सुटीत तिला या शाखेतील संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून काम करायचे आहे. वडिलांनी व्यापाऱ्याला साजेसा पहिला प्रश्न विचारला, "पगार किती?" काका हसून म्हणाले, "त्यात संशोधन कसले? बायका तर घरातच आहेत!" काकांनी थट्टेत उच्चारलेले वाक्य हाच त्या शाखेचा आरंभबिंदू आहे, हे त्यांच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर 2001 च्या जनगणनेतील तीन आकडे एकाशेजारी एक ठेवून पाहावेत. जैन स्त्रियांची साक्षरता 90.6 टक्के होती, देशात अग्रक्रमाची. कामात सहभागी असणाऱ्या जैन स्त्रियांचे प्रमाण मात्र 9.2 टक्के, सर्व धर्मसमाजांत सर्वांत कमी; देशातील सर्व स्त्रियांचे 25.6 टक्के होते. आणि सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत हजार मुलग्यांमागे जैन मुली 870. देशाची सरासरी 927. पहिल्या आकड्याचा उल्लेख आपल्या सभा-संमेलनांतून अभिमानाने होतो. दुसरा आणि तिसरा व्यासपीठावर क्वचितच येतात.

दुसऱ्या आकड्यात एक मेख आहे आणि संशोधनाची गोडी तिथेच लागते. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे संगोपन यांना जनगणना 'काम' मानत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु घरच्या धंद्यात केलेले बिनपगारी काम ती काम मानते. म्हणजे बदाम-पिस्त्यांची पाकिटे भरणारी, दुकानातील नोकरांचे जेवण रांधणारी, दुपारी उधारीचे फोन घेणारी सून व्याख्येप्रमाणे निदान अंशतः तरी मोजली जायला हवी. प्रगणक दारात येतो, उत्तर घरातील कर्ता पुरुष देतो, आणि सुनेच्या नावापुढे 'घरकाम' असे लिहिले जाते. 9.2 टक्क्यांत खरोखर न राबणाऱ्या स्त्रिया किती आणि राबूनही न नोंदलेल्या किती, हे घराच्या आत शिरल्याखेरीज कळणार नाही. 2027 ची जनगणना आता जवळ आली आहे. तेव्हा हा प्रश्न शिळाही नाही.

असे काम मिळवायचे कोठे? विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना देशातील विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे: एक अर्ज, एक मुदत. स्त्री अभ्यासाला असे एकच मोठे प्रवेशद्वार नाही. अनेक लहान दारे ठोठवावी लागतात. सर्वांत जवळचे दार पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राचे. प्रा. शर्मिला रेगे यांनी या केंद्राला मोठी उंची दिली. मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठात नीरा देसाई यांनी 1974 मध्ये सुरू केलेले संशोधन केंद्र आहे. या विषयाची विद्यापीठीय वाट देशात तिथूनच सुरू झाली. टाटा समाजविज्ञान संस्था मुंबईतच. दिल्लीला 1980 पासून सेंटर फॉर विमेन्स डेव्हलपमेंट स्टडीज आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालय आणि राष्ट्रीय महिला आयोग यांच्याही इंटर्नशिप असतात. त्यांच्या अटी आणि मुदती संकेतस्थळावर मूळ सूचनेतच वाचाव्यात, फिरत्या संदेशांवर विसंबू नये. शिवाय हाती प्रकल्प असलेल्या प्राध्यापकांना थेट पत्र लिहिणे हा जुना आणि बहुधा सर्वांत फलदायी मार्ग आहे. जाहिरात निघाल्यावर शंभर अर्ज येतात. जाहिरातीआधी आलेले एक नेटके पत्र वाचले जाते.

यात मुदतीचे भान फार महत्त्वाचे. मे महिन्यातील कामासाठी मार्चअखेर धावपळ करणे म्हणजे दिवाळीचा माल धनत्रयोदशीला भरण्यासारखे आहे. दिवाळीनंतर वाचन सुरू करावे, डिसेंबरात पत्राचा मसुदा करावा आणि जानेवारी-फेब्रुवारीत पत्रे जावीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळतात. तेव्हा सुटीतील काम त्यात बसते का, हे महाविद्यालयात आधीच विचारलेले बरे.

कामाचे स्वरूपही पालकांनी समजून घ्यावे. पहिल्या उन्हाळ्यात कोणी क्रांतिकारक प्रबंध लिहीत नाही. ध्वनिमुद्रित मुलाखती शब्दशः उतरवून काढणे, मराठीचे इंग्रजी करणे, प्रश्नावल्यांतील उत्तरे तक्त्यात भरणे, संदर्भांची सूची करणे, जुन्या मासिकांची पाने चाळणे, असे चिकाटीचे काम असते. मानधन पुष्कळदा प्रवासखर्चापुरतेच, काही ठिकाणी तेवढेही नाही. वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हे असे आहे. पण मुलगा सी.ए.कडे आर्टिकलशिप करतो तेव्हा त्याच्या विद्यावेतनात घर चालत नाही, याची तक्रार कोणी करत नाही!

या कामासाठी आपल्या मुलींची पूर्वतयारी त्यांना वाटते त्याहून अधिक झालेली असते. घरात मारवाडी, दारात मराठी, नात्यात गुजराती, वर्गात इंग्रजी, अशा चार भाषांत ऐकणारी सहायक कोणत्याही प्रकल्पाला हवीच असते. जमाखर्च पाहत वाढलेल्या मुलीला तक्त्यातील चूक चटकन दिसते. उणीव असते ती वाचनाची. ताराबाई शिंदे यांचा 1882 चा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध मराठीतच आहे आणि तो लिहिणारी स्त्री बुलढाण्याची होती. 1974 चा 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा सरकारी समितीचा अहवाल स्वतंत्र भारतातील स्त्रीच्या स्थितीचा पहिला मोठा ताळेबंद आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळेच्या वापराची पाहणीही पाहावी: 2019 मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला 299 मिनिटे त्यात जात आणि पुरुषाची 97, 2024 मध्ये हे आकडे 289 आणि 88 झाले. दोघांचीही मिनिटे घटली, पण अंतर जवळजवळ तेवढेच राहिले.

आपल्या परंपरेवरचे वाचनही टाळू नये. स्त्रीमुक्तीविषयी श्वेतांबर आणि दिगंबर आचार्यांत शतकानुशतके चाललेल्या वादाचे मूळ ग्रंथ पद्मनाभ जैनी यांनी 1991 मध्ये इंग्रजीत आणले. मल्लीनाथ भगवान स्त्री होते की पुरुष, याविषयी आपले दोन संप्रदाय आजही भिन्न मत बाळगतात. तो वाद तर्काने, ग्रंथाधाराने चालला, हे विशेष. व्हिटनी केल्टिंग या अमेरिकन विदुषीने पुण्यातील श्राविकांच्या भक्तिमंडळांत बसून, त्यांची स्तवने ऐकून 2001 मध्ये ग्रंथ लिहिला. महिला मंडळाच्या गाण्यांत अभ्यासण्याजोगे काही आहे, हे सातासमुद्रापलीकडून येऊन कोणी तरी सांगावे लागले! कल्पसूत्रात तर महावीर स्वामींच्या चतुर्विध संघाची गणना वेगवेगळी दिली आहे: साधू 14 हजार, साध्वी 36 हजार, श्रावक 1 लाख 59 हजार, श्राविका 3 लाख 18 हजार. स्त्रियांची नोंद स्वतंत्र ठेवण्याची रीत आपल्याला परकी नाही.

रविवार कारंजावरील त्या मुलीने तयारी म्हणून पहिली मुलाखत घरातच घेतली, काकूंची. शास्त्राप्रमाणे आधी संमती विचारली. नाव बदलले जाईल, नको त्या प्रश्नाचे उत्तर देऊ नये, असे सांगितले. काकूंना हसू आले. व्यवसाय कोणता, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." सुकामेव्याच्या शाखेची जी.एस.टी. नोंदणी त्यांच्याच नावावर आहे. बँकेत प्रोप्रायटर त्या, कर्जदार त्या. व्यवहाराचा अधिकार मात्र मुखत्यारपत्राने काकांकडे. नाशिकच्या बाजारात अशी खाती थोडीथोडकी नाहीत. कर आणि कर्जाच्या सोयीसाठी केलेली ही मांडणी कायद्याच्या चौकटीत बसते. परंतु धंदा बुडाला तर वसुलीची नोटीस कोणाच्या नावे निघेल, हे सही करणारीला कितीदा सांगितले जाते?

मुलीने पुढे विचारले, "माहेरच्या दुकानात तुमचा हिस्सा?" काकू थांबल्या. मग म्हणाल्या, "भावांनी बोलावले, सही करून आले." वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला आणि केंद्राने 2005 मध्ये, तो कायदा जैनांनाही लागू आहे. हक्कसोडपत्र स्वेच्छेने करता येतेच. स्वेच्छा कोठे संपते आणि माहेर तुटण्याची भीती कोठे सुरू होते, हे मात्र त्या दस्तात लिहिलेले नसते. काकूंनी हे उत्तर कागदावर घेऊ नको म्हटले. मुलीने ते खोडले. ही शिस्त तिने कोणत्याही केंद्रात जाण्यापूर्वीच आत्मसात केली, याला मोल आहे.

राहिली दादींची चिंता: पुण्यात राहणार कोठे, आणि चौविहार कसा सांभाळणार? मे महिन्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, कार्यालये सहाला सुटतात, तेव्हा डबा जवळ असला तर अडचण नाही. पालकांनी खरी विचारणा वेगळीच करावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि प्रशिक्षणार्थीही तिच्या संरक्षणात येतात. समितीच्या अध्यक्षांचे नाव आधी विचारून घ्यावे. विचारल्याने संस्थेला राग येत असेल तर तेही कळलेले चांगले.

जानेवारीत मुलीचे पत्र तयार झाले, एकच पान. आपण कोण, काय वाचले, कोणत्या भाषा येतात, कोणता प्रश्न पडला आहे आणि किती आठवडे देऊ शकतो, एवढेच. प्रश्नाच्या परिच्छेदात काकूंच्या परवानगीने एक ओळ होती: दिवाळीपूर्वीच्या चाळीस दिवसांत एका घरात बाराशे पाकिटे स्त्रियांनी भरली, पेढीच्या वहीत त्यांची मजुरी शून्य. पत्र पाठवण्यापूर्वी तिने आजोबांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली आणि म्हणाले, "बाराशे नव्हे, दोन हजारांच्या वर. तीनशे गिऱ्हाइकांच्या पेट्या तू धरल्याच नाहीस. त्या तुझी दादी रात्री भरायची."