धबधब्याचा मुहूर्त

आमचे तलवाडा हे धबधब्यांचे गाव नव्हे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील हे गाव पंचक्रोशीत ओळखले जाते ते त्वरितादेवीच्या स्थानामुळे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, तीही संथपणे. वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. अशा गावातील एका एकत्र कुटुंबाने धबधब्यांची छायाचित्रे घेण्यासाठी मोटारीने प्रवास करण्याचा बेत आखावा, यात थोडा विनोद आहेच. परंतु त्या बेतातून आम्हां वडीलधाऱ्यांनाही चार गोष्टी शिकावयास मिळाल्या, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

बेताचा जनक आमचा थोरला नातू, म्हणजे माझ्या पुतण्याचा मुलगा. शिष्यवृत्तीच्या पैशांतून त्याने एक चांगला कॅमेरा घेतला आणि २०२५ च्या श्रावणात तो सुटीवर घरी आला. येताना त्याने प्रवासाचा कागदच तयार करून आणला होता. पहिला दिवस ठोसेघर, दुसरा आंबोली, तिसरा दूधसागर. कोसांचा, पेट्रोलचा आणि मुक्कामाचा हिशेब चोख होता. मी विचारले, "अरे, आपल्या जिल्ह्यातले धबधबे पाहिलेस का?" तो हसून म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे कुठले धबधबे?"

माजघरात थोरल्या वहिनी शेंगा फोडीत बसल्या होत्या. त्या काही न बोलता उठल्या आणि आपल्या पेटीतून एक जुने छायाचित्र घेऊन आल्या. ते मला ठाऊक होते. १९७२ साली वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आल्या. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. कार्तिकात माझे थोरले बंधू त्यांना घेऊन कपिलधारेस गेले. मी तेव्हा बारा वर्षांचा, मलाही बरोबर नेले होते. दादांनी एका स्नेह्याकडून अॅग्फा क्लिक-३ हा कॅमेरा मागून आणला होता. एका रिळात बारा चित्रे. त्यामुळे प्रत्येक चित्र घेण्यापूर्वी दादा दहा वेळा विचार करीत. त्या चित्रात वहिनी नऊवारीत, पदर सावरून, कॅमेऱ्याकडे पाहत उभ्या आहेत आणि त्यांच्यामागे आहे तो केवळ कातळ. धारेच्या जागी एक ओलसर काळा पट्टा. घरात त्या चित्राला 'वहिनींचा धबधबा' म्हणण्याची पुढे कित्येक वर्षे चाल होती. दादा म्हणत, "पाणी आले म्हणजे पुन्हा जाऊ आणि दुसरे चित्र घेऊ." पाणी पुष्कळदा आले, परंतु मुलांच्या मुंजी, मुलींची लग्ने, शेत आणि शाळा यांतून ते जाणे राहिले ते राहिलेच. दादांना जाऊन आता सहा वर्षे झाली.

वहिनी नातवाला एवढेच म्हणाल्या, "हा बघ आपल्याकडचा धबधबा." त्याने ते चित्र बराच वेळ हातात धरले आणि आपला कागद मुकाट्याने घडी करून खिशात ठेवला.

मग आमचा खरा बेत सुरू झाला. मार्ग येणेप्रमाणे ठरला: तलवाड्याहून गेवराई, तेथून सोलापूर-धुळे महामार्गाने बीड, पुढे मांजरसुंब्याच्या अलीकडे डोंगरात वळून कपिलधार, नंतर मांजरसुंब्याहून जामखेडच्या रस्त्याने लिंबागणेश व पाटोदा यांवरून सौताडा. जाऊन-येऊन सुमारे अडीचशे किलोमीटर. पहाटे निघाल्यास एका दिवसाचे काम. वाटेत बीडजवळची निजामशाहीतील खजाना विहीर पाहता येते, आणि पाटोद्याच्या बाजूला मोरांसाठी राखलेले नायगावचे अभयारण्य आहे.

परंतु अंतर ठरले तरी दिवस ठरेना. येथे मला माझ्या जुन्या विषयाचा उपयोग झाला. आपण धबधब्याला 'प्रपात' म्हणतो. अमरकोशात मात्र प्रपात म्हणजे तुटलेला कडा. वरून येणाऱ्या पाण्याला तेथे 'निर्झर' हा निराळा शब्द आहे. कोकणाच्या माथ्यावर हे दोन्ही चार-चार महिने एकत्र नांदतात. आमच्या बालाघाटात प्रपात बारमाही आणि निर्झर काही आठवड्यांचा पाहुणा! सह्याद्रीत आषाढ-श्रावणात जी शोभा दिसते ती आमच्याकडे बहुधा भाद्रपद-आश्विनात येते, कारण मराठवाड्यात पावसाचा खरा जोर पुष्कळदा सप्टेंबरातच असतो. म्हणून येथील धबधबा हे जितके स्थळ तितकीच ती एक तिथी आहे. नातवाच्या कागदात गाव होते, अंतर होते, तिथी नव्हती.

कड्यांविषयीही त्याला सांगितले. आमचे डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरांवर थर बसून झालेले आहेत. कठीण थराखाली ठिसूळ थर असला म्हणजे पाणी खालचा भाग पोखरते व वरची कड पुढे लोंबत राहते. वरून भक्कम दिसणाऱ्या कडेखाली आधार असेलच असे नाही. त्यात शेवाळाची भर. एका चित्रासाठी काठावर मागे सरकत गेलेल्या तरुणांच्या दुःखद वार्ता दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. तेव्हा पहिला नियम ठरला: पाय स्थिर करून मगच डोळा कॅमेऱ्याला लावावयाचा; चालताना कॅमेरा गळ्यात.

यंत्राच्या बाबतीत मात्र तो गुरू व मी शिष्य. पाणी रेशमासारखे दिसावे अशी इच्छा असेल तर पडदा अर्धा-एक सेकंद उघडा ठेवावा लागतो, आणि त्यासाठी तिपाई हवी. थेंब सुटे दिसावेत तर सेकंदाचा पाचशेवा भागही पुष्कळ. भर दुपारच्या उन्हात फेस पांढराफटक होऊन त्यातील बारकावे नाहीसे होतात. म्हणून ढगाळ दिवस किंवा सकाळ इष्ट. तुषारांसाठी सुती फडके, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी. हे ऐकताना मला राजा दीनदयाळ आठवले. सहाव्या निजामाच्या दरबारचे हे छायाचित्रकार जड यंत्रे आणि काचेच्या तबकड्या घेऊन प्रवास करीत. आमचे काम त्या मानाने पोरखेळच. घरातील स्त्रियांनी दशम्या, शेंगांची चटणी आणि दही यांचे खाते स्वतःकडे घेतले.

गणपती आटोपताच निघावयाचे ठरले. आणि पाऊस आला तो असा की, त्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली गेली. सिंदफणेला, सीनेला महापूर आले. जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने गोदाकाठची गावे धास्तावली. नातू चुळबुळ करू लागला. "आजोबा, सौताडा आता जसा असेल तसा पन्नास वर्षांत नसेल." रस्त्यांचे भय होतेच, आणि मी तेच कारण सांगणार होतो, पण वहिनी आधी बोलल्या. "शेजारच्या रानात कापूस सडतोय. त्यांच्या दारावरून आपण पाणी बघायला जायचं? भाऊजी, बायांना सांगा, दशम्या करू नका." बहात्तर साली पाणी नव्हते म्हणून चित्र राहिले, या वेळी पाणी फार झाले म्हणून थांबलो. नातवाची सुटी संपली व तो रुष्ट होऊनच परत गेला.

दसऱ्यानंतर पाऊस उघडला. एका शनिवारी तो न कळविता आला आणि म्हणाला, "आजी, आता जाऊ या का?" त्याने 'आजोबा' असे न म्हणता 'आजी' म्हटले, हे मला आवडले.

कपिलधार हे वीरशैव संत मन्मथ स्वामींच्या समाधीचे स्थान. प्रथम दर्शन घेतले. धारेखाली स्त्रिया-मुले स्नान करीत होती. नातवाने कॅमेरा उघडला नाही; त्या बाहेर येईपर्यंत थांबला. धार पूर्वीच्या पुराची नव्हती, पण चांगली मनगटाहून जाड होती. त्याने जुने चित्र हातात धरून कातळातील भेगा जुळवून पाहिल्या, आणि दादा जेथे उभे राहिले असावेत तेथे तिपाई लावली. वहिनींना त्याने नेमक्या जागी उभे केले. त्यांनी मात्र कॅमेऱ्याकडे पाठ केली. तो म्हणाला, "आजी, इकडे बघ ना." त्या म्हणाल्या, "त्या वेळी इकडेच बघत होते. मागे बघायला काही नव्हतंच. आता घे तसंच."

त्याने तसेच घेतले.

सौताड्यास विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते व खाली रामेश्वराचे मंदिर आहे. वहिनींना दरीत उतरणे शक्य नव्हते. त्या वर सुरक्षित जागी माझ्याबरोबर बसल्या आणि तरुण मंडळी खाली गेली. बालाघाटाच्या या पठाराची एक मौज आहे. याच पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा गोदावरीला मिळते, तर विंचरणेचे पाणी सीनेतून भीमेकडे जाते. मी हे सांगत असता वहिनी ऐकत होत्या की नाही, कोण जाणे; त्या पाण्याच्या आवाजाकडे कान लावून होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना हे आवडलं असतं." मी पुढे भूगोल सांगितला नाही.

वाचकांपैकी कोणास या बाजूस यावयाचे असल्यास माझी सूचना एवढीच: भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून आश्विनापर्यंत यावे, आदल्या दिवशी तेथील माणसांस पाण्याची व रस्त्याची खबर विचारावी, आणि घरात जुने चित्र असल्यास ते बरोबर घ्यावे. ज्यांनी पुन्हा जाण्याचे कोणाला वचन दिले असेल, त्यांनी मात्र एवढ्या पावसाळ्यांची वाट पाहू नये.