पाटी, मांडी आणि धवले

‘लॅपटॉप’ या शब्दात मांडी आहे आणि ‘टॅब्लेट’ म्हणजे मुळात पाटी, हे आपण विसरून गेलो आहोत. मांडीवरच्या वस्तूपुढे बैठक मारून काम करायचे असते. पाटी हातात धरायची, शेजारच्याला दाखवायची, पुसायची. या दोहोंचे लग्न लावण्याचा उद्योग बरीच वर्षे चालू आहे. पाटीला सुटा कळफलक जोडायचा, पाठीमागे टेकू लावायचा आणि आता लॅपटॉपची गरज उरली नाही असे जाहीर करायचे. मे २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस प्रो ३’ नेमक्या याच दाव्यानिशी पुढे आणला. वजन ८०० ग्रॅम, अर्थात कळफलक सोडून! नोव्हेंबर २०१५ मध्ये ॲपलचा आयपॅड प्रो आला, त्याच्यासोबत कळफलक आणि लेखणीही आली. कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. ॲलन के यांनी लहान मुलांच्या हाती द्यायच्या ‘डायनाबुक’ची मांडणी १९७२ सालीच केली होती, आणि त्यातही पडदा व कळफलक एकाच पाटीवर होते.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि जूचंद्रला राहतो. आमचा लॅपटॉप आता म्हातारा झाला आहे. बॅटरी नावापुरती, बिजागरी सैल. त्यामुळे त्याच्या जागी सुट्या कळफलकाचा टॅब्लेट चालेल का, हा प्रश्न आमच्यापुढे केवळ खरेदीचा म्हणून आला नाही. त्यात आमच्या पंधरा वर्षांच्या कामाचा जीव अडकलेला आहे.

ते काम म्हणजे धवले. आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण गाण्यांतून चालवते. हळदीपासून पुढे प्रत्येक विधीचे गाणे वेगळे, आणि ते वहीत नसते, तिच्या कंठात असते. जूचंद्र आणि आसपासच्या गावांतून आम्ही ही गाणी उतरवून घेत आलो. ज्यांच्याकडून ती घेतली त्यांतल्या कित्येक बायका आता नाहीत.

या बैठकींत टॅब्लेटने लॅपटॉपला सपशेल हरवले, हे आधीच सांगून टाकतो. लॅपटॉप उघडला की त्याचे झाकण मध्ये भिंतीसारखे उभे राहते. समोरच्या आजीला आपला अर्धा चेहरा दिसतो आणि तहसील कचेरीत जबानी द्यायला बसल्यासारखी ती अवघडते. टॅब्लेट जमिनीवर आडवा ठेवता येतो. एकीकडे ध्वनिमुद्रण चालू, दुसरीकडे लेखणीने शब्द टिपणे चालू. मध्येच जुना फोटो मोठा करून दाखवावा, तर आजी स्वतःच बोटाने तो सरकवू लागते. जूचंद्र हे रांगोळीकारांचे गाव, आणि रांगोळीचे कामही जमिनीवरच चालायचे. व्यक्तिचित्राची रांगोळी काढताना शेजारी ठेवलेल्या पडद्यावर चेहरा मोठा करून डोळ्याखालची सावली न्याहाळणारा कलावंत आम्ही पाहिला आहे. त्याला लॅपटॉप देऊन पाहा. रंगाचे बोट कळफलकावर टेकवायला तो धजणार नाही.

प्रवासात मात्र बाजू उलटते. वसई रोड–दिवा मार्गावरच्या गाडीत बसायला जागा मिळाली (ही अट लहान नव्हे), तर लॅपटॉप मांडीवर स्थिर राहतो. टेकूवर उभ्या राहणाऱ्या टॅब्लेटला मांडी पुरत नाही. टेकू गुडघ्याकडे घसरतो आणि मऊ कळफलक मधोमध वाकतो. या यंत्राला मेज हवे असते, आणि ते गाडीत नसते. असो. हा त्रास सोसता येण्याजोगा आहे.

सोसता न येणारी गोष्ट भाषेची आहे. आगरीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ड’चा पुष्कळदा ‘र’ होतो. पानी, डोला, घोरा. काचेवरच्या कळफलकावर ‘पानी’ लिहावे तर तो तत्परतेने ‘पाणी’ पुढे करतो. सूचना बंद करता येतात, हे खरे. पण २०१७ पासून गूगलच्या श्रुतलेखनाला मराठी कळू लागले, त्याचे काय करावे? त्याला कळते ती प्रमाण मराठी. धवलारणीचा आवाज त्याला ऐकवला, तर ऐकलेल्या शब्दाऐवजी ओळखीचा शब्द तो लिहून टाकतो. शुद्धलेखनाच्या जाचाबद्दल आपल्याकडे एवढे वाद झाले. ही नवी शुद्धी कुणाच्या ध्यानीही येत नाही. इन्स्क्रिप्टच्या खऱ्या कळा त्यामानाने निरिच्छ असतात. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. जे दाबाल ते उमटते. पडद्याकडे न पाहता, कानाला लावलेल्या आवाजामागून बोटे चालत राहतात. जोडलेल्या कळफलकाने टॅब्लेटवरही हे साधते, पण तेव्हा आपण लॅपटॉपच वापरत असतो, फक्त अधिक डुगडुगणारा.

आता जुन्या फायलींकडे. आमची पहिली शंभरेक गाणी युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टात टंकलेली आहेत, कारण छापखान्याला त्या काळी तेच हवे असे. या फॉन्टांत देवनागरी ही केवळ नजरबंदी. आत साठलेली असतात ती रोमन अक्षरांची स्थाने, वर मराठीचा मुखवटा. मुखवटा काढला की धवल्याच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. टॅब्लेटवर तो फॉन्ट चढवून मजकूर कसाबसा पाहता येईल, पण त्यात शब्द शोधता येत नाही. टंकनाचे जुने सॉफ्टवेअर तर तिथे बसतच नाही. २०१२ च्या पहिल्या ‘सरफेस’वर, म्हणजे विंडोज आरटीवर, जुने प्रोग्राम चालत नसत. आयपॅड आणि अँड्रॉइडला ते कधीच चालले नाहीत.

मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके आहेत, आम्ही वापरतोही. पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे स्थानही असेच बदलते. जोडाक्षर आले की रूपांतरक चुकतो आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. प्रमाण मराठीत वाचणारा ती चूक पकडतो. आगरी शब्दात ती चूक आहे की बोलीचे रूप, हे कोण सांगणार? फक्त मूळ ध्वनिफीत, आणि तीही सगळ्या गाण्यांची नाही.

म्हणून आमच्या घरी सध्या दोन्ही यंत्रे एकाच मेजावर असतात. डावीकडे विजेच्या वायरीला कायमचा बांधलेला लॅपटॉप, त्यावर जुनी फाइल. उजवीकडे टॅब्लेट, त्यावर ध्वनिमुद्रण आणि नवी प्रत. एक जण ऐकतो, दुसरा वेलांट्या तपासतो. उद्या मुलांच्या उत्तरपत्रिका, वाचन, व्याख्यानाची टिपणे यांना टॅब्लेट पुरेल. एखाद्या तरुण सहकाऱ्याने विचारले तर त्याला आम्ही बेलाशक तोच घ्यायला सांगू, कारण त्याच्या मागे जुना फॉन्ट नाही. आमची त्रेसष्ट गाणी पलीकडे गेली आहेत. उरलेली होईतो त्या सैल बिजागरीखाली आम्ही शब्दकोशाचा एक खंड टेकू म्हणून ठेवला आहे.