किलो आणि नग

मुलाखतीत मी सांगितलं होतं की उत्पादनक्षेत्राचा प्रत्यक्ष अनुभव घ्यायचाय. खरं कारण पैशांचं होतं. नारायण पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीचं भाडं अडीच हजार, मेसचे दोन हजार आणि फर्ममधला दुसऱ्या वर्षाचा स्टायपेंड साडेबाराशे. कराडहून बाबा दर महिन्याला पैसे पाठवायचे आणि फोनवर विचारायचे, ‘तू कामाला जातेस ना गं?’ कामाला जाणाऱ्या मुलीला घरून पैसे का लागतात, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. भोसरी एमआयडीसीतला तो कारखाना महिन्याला बारा हजार देणार होता.

सीए व्हायचं म्हणजे तीन वर्षं एखाद्या फर्ममध्ये आर्टिकलशिप, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. पण इन्स्टिट्यूटच्या नियमांत इंडस्ट्रियल ट्रेनिंगची एक खिडकी आहे. इंटरमीजिएट पास असाल तर शेवटच्या वर्षातले नऊ ते बारा महिने कंपनीत, तिथे नोकरीला असलेल्या सीएच्या हाताखाली काढता येतात. प्रिन्सिपलना निदान तीन महिने आधी कळवायचं, जाताना फॉर्म १०४ आणि संपल्यावर फॉर्म १०५. इंग्लंडमध्ये अख्खं प्रशिक्षणच कंपनीत घेता येतं म्हणे; आपल्याकडे शेवटचा तुकडा मिळतो. २०२३ पासून आर्टिकलशिपच दोन वर्षांची झालीय, पण मी सांगतेय ते २०१७ चं.

कळवणं सोपं नव्हतं. फर्ममधल्या सरांनी, म्हणजे माझ्या प्रिन्सिपलनी, चष्मा कपाळावर चढवून पत्र वाचलं आणि म्हणाले, ‘जा. पण वर्षभराने एका कंपनीच्या एंट्र्यांखेरीज तुला काही येत नसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.’ फर्ममधल्या मुलांना वेगळाच संशय. इंडस्ट्रियल म्हणजे कोणा ओळखीच्या कंपनीत सही ठोकून घरी अभ्यास करायचा, असं करणारे तेव्हाही होते. ‘डमी का?’ हे मला तिघांनी विचारलं. डमी असते तर सकाळी सातची मनपा–भोसरी बस कशाला पकडली असती?

त्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्यामुळे रविवार माझा कामाचा आणि गुरुवार एकटीचा. मैत्रिणी रविवारच्या क्लासला जायच्या, त्यांच्या नोट्स मला बुधवारी रात्री मिळायच्या. हे नुकसान खरं होतं. एप्रिलमध्ये त्या बँकांच्या शाखांचं ऑडिट करत साताऱ्या-सोलापूरला हिंडत होत्या आणि मी एकाच कारखान्यातली एकच इन्व्हॉइस-मालिका बघत बसले होते, तेव्हा सरांचं वाक्य बसमध्ये रोज आठवायचं.

अकाउंट्समध्ये जागा नव्हती म्हणून माझं टेबल स्टोअरच्या काचेच्या केबिनबाहेर लावलं. हा माझ्या ट्रेनिंगमधला सगळ्यात मोठा लाभ, आणि तो जागेच्या टंचाईमुळे झाला. फर्ममध्ये असताना माझ्यासाठी सगळं बिलापासून सुरू व्हायचं. इथे बिल सगळ्यांत शेवटी यायचं. आधी गेटवरची नोंद, मग वजन, मग तपासणी, मग माल मिळाल्याची पावती म्हणजे जीआरएन, मग रॅकवर लटकणाऱ्या बिन कार्डावर बॉलपेनने लिहिलेला आकडा. बिल पोस्टाने आठ दिवसांनी. स्टोअरचे काका निवृत्तीला आलेले. सुरुवातीला मला ‘सीए मॅडम’ म्हणायचे, त्यात थट्टा होती. दीड महिन्याने ‘पोरी’वर आले.

कारखाना गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या पिना आणि शाफ्ट बनवायचा. अर्धीअधिक कामं बाहेर व्हायची: टर्निंग एकाकडे, हीट ट्रीटमेंट दुसऱ्याकडे, फॉस्फेटिंग तिसऱ्याकडे. माल सतत टेम्पोत. आणि मग जून उजाडला. १ जुलैपासून जीएसटी. एक्साइजच्या काळात जॉबवर्कला गेलेला माल १८० दिवसांत परतला नाही तर क्रेडिट रिव्हर्स करावं लागे; आता ३० जूनला जॉबवर्करकडे जे पडून असेल ते ट्रान-१ या फॉर्ममध्ये आपणही दाखवायचं, त्यानेही दाखवायचं आणि सहा महिन्यांत परत आणायचं. आमचे अकरा जॉबवर्कर. ज्यांच्या हाताखाली मी होते ते कारखान्यातले सीए साहेब म्हणाले, ‘काकांबरोबर जा आणि डोळ्यांनी बघून ये.’

काकांच्या ॲक्टिव्हावर मागे बसून, मांडीवर रजिस्टर धरून आम्ही सेक्टर १० मधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. चार लेथ, दोन सीएनसी, कुलंटचा आंबूस वास, दाराशी मारुतीचा फोटो. आमच्या रजिस्टरप्रमाणे या गृहस्थांकडे आमचा ६,२०० किलो बार होता. भिंतीशी रचलेल्या सळया काकांनी नजरेनेच तोलल्या: ‘नऊशे. फार तर साडेनऊशे.’ काट्यावर नऊशे भरले.

माझ्या पोटात गोळा आला. चोरी पकडली, असंच वाटलं. शेडवाले मात्र शांत. ‘मॅडम, माल सगळा पोचलाय. चलानं बघा.’ चलानं बघितली. खरंच सगळं पोचलं होतं. मग हिशेब चुकतोय कुठे? त्यांनी कापलेला एक तुकडा आणि तयार झालेली एक पिन असं दोन्ही माझ्या हातावर ठेवलं. तुकडा हाताला तेलकट, पिन गरम. इलेक्ट्रॉनिक काट्यावर तुकडा २५० ग्रॅम, पिन २००. मग पायाने एक गोणी पुढे ढकलली. आत निळसर, कुरळ्या चिप्स. ‘हा बघा तुमचा फरक.’

आमच्याकडून माल जायचा किलोत. परत यायचा नगात. आमचा क्लार्क नगांना २०० ग्रॅमने गुणून रजिस्टरमधून तेवढे किलो वजा करायचा. प्रत्येक पिनेमागचे पन्नास ग्रॅम लेथवर सोलून निघालेले, भंगारात विकलेले, त्या पैशांच्या हिशेबानेच मजुरीचा दर कमी ठरवलेला. पण रजिस्टरमध्ये ते पन्नास ग्रॅम अजून शेडमध्ये पडून होते. एक लाख सहा हजार पिना गुणिले पन्नास ग्रॅम. मी तिथेच, उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून गुणाकार केला: ५,३०० किलो. बरोब्बर तेवढाच फरक. किलोला पंचावन्न रुपये धरले तर तीन लाखांना जरा कमी. टर्निंगवाले आणखी तिघे होते, तिथेही हेच.

परत येताना मी काकांना विचारलं, ‘तुम्हाला माहीत होतं?’

‘न माहीत असायला काय झालं? बारातनं चिपा निघतातच.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘विचारलं कोणी?’

कॉस्टिंगच्या साहेबांकडे गेले तर त्यांच्या कोटेशनमध्ये पिनेचं मटेरियल अडीचशे ग्रॅमच धरलेलं. म्हणजे लेथवाल्याला ठाऊक, स्टोअरला ठाऊक, कोटेशन करणाऱ्याला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त ताळेबंदाला, आणि मी तीन वर्षं जे शिकत होते ते ताळेबंदाचंच काम.

पण मला खरं टोचलं ते वेगळंच. फाइलमध्ये ३१ मार्चचं कन्फर्मेशन पत्र होतं, या शेडवाल्यांच्या शिक्क्यानिशी: शिल्लक ५,९५० किलो, बरोबर आहे. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा ते पत्र दाखवलं. त्यांनी ते हात लांब धरून बघितलं. ‘हे होय? दरवर्षी टेम्पोवाला घेऊन येतो. गाडी उभी असते, घाई असते. शिक्का मारतो.’

आदल्या वर्षी चाकणच्या एका कारखान्याचं ऑडिट मी फर्ममधून केलं होतं. तिथे अशी चौदा पत्रं मला एका फाइलमध्ये लावून मिळाली होती. चौदाही पत्रांत एका किलोचा फरक नव्हता, आणि मला त्या कंपनीच्या शिस्तीचं कौतुक वाटलं होतं. मी वर्किंग पेपरवर ‘कन्फर्मेशन मिळाले’ लिहून हिरव्या पेन्सिलीने टिक केली होती. पत्र ऑडिटरने स्वतःच्या ताब्यात ठेवून पाठवायचं, उत्तर थेट ऑडिटरकडे यायला हवं, हे एसए ५०५ या ऑडिटिंग मानकाचं उत्तर मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. टेम्पोवाला त्या उत्तरात कुठे नव्हता.

३० जूनला शुक्रवार होता. मोजणी रात्री अकरापर्यंत चालली. गेटवरच्या केबिनमधल्या छोट्या टीव्हीवर संसदेचा मध्यरात्रीचा सोहळा चालू होता, आवाज बंद. बारा वाजता वॉचमन म्हणाला, ‘झाला का नवीन टॅक्स?’ काकांनी वडापावची पिशवी सोडली. १ जुलै हा इन्स्टिट्यूटचा स्थापनादिन, सीए डे. फर्मच्या ग्रुपवर पुष्पगुच्छांचे फोटो यायला लागले होते. माझ्या हाताला ग्रीस होतं, त्यामुळे उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

साहेबांना मी चार पानी टिपण दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, क्लार्कला बोलावलं, पण ओरडले नाहीत. चलानवर किलो आणि नग दोन्ही लिहायचे, वजावट अडीचशे ग्रॅमने, चिप्सचा वेगळा रकाना. दहा मिनिटांत निर्णय. ‘ही नऊ-दहा लाखांची खोट ऑडिटरना सांगायची ना?’ मी विचारलं. ‘सांगणार तर. पण आधी त्यांना शोधू दे.’ हे मला तेव्हा आवडलं नाही. आजही फारसं आवडत नाही, जरी टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर तसं का वाटतं ते आता कळतं. (पुढे मीटिंगमध्ये त्यांनी स्वतः सगळं मांडलं, हेही नोंदवायला हवं.)

ऑगस्टमध्ये ऑडिट आलं. फर्म दुसरी, पण आर्टिकल तसाच: पाठीला सॅक, कानात इअरफोन, पहिल्या वर्षाचा असावा. त्याला कागद पुरवायचं काम माझ्याकडे. साहेबांची सूचना सगळ्या कंपन्यांत असते तीच, मागतील तेवढं द्यायचं. त्याने जॉबवर्करची कन्फर्मेशन मागितली. मी फाइल दिली. त्याने एकेक पत्र उलटलं आणि टिक केली. हिरवी पेन्सिल.

मला राहवलं नाही. म्हटलं, ‘चलान किलोत आहे की नगात, बघितलंस का?’

त्याने एक इअरफोन काढला. ‘काय ताई?’

‘किलोत जातं, नगात येतं.’

‘हो ना,’ तो म्हणाला, आणि पुढचं पत्र उलटलं. मग थोडं पुढे वाकून, हळू आवाजात: ‘ताई, तुम्ही इंडस्ट्रियलला आहात ना? इथे स्टायपेंड किती देतात?’

मी आकडा सांगितला. त्याने तो पॅडच्या कोपऱ्यात लिहून घेतला आणि सवयीने पुढे टिक केली.