घारीची हद्द

आज पहाटे वाईच्या घाटावर, कृष्णेवरचे धुके विरण्याची वाट पाहत, ड्रोनच्या चारही पात्यांवरून बोट फिरवले, तेव्हा एका पात्याच्या कडेला नखाएवढी खाच लागली, आणि ते बदलल्याखेरीज उड्डाण करणे मला अपराधच वाटले. २०२१च्या ड्रोन नियमावलीने हवाई नकाशावरच्या हरित क्षेत्रात स्वतंत्र परवानगीवाचून ४०० फुटांपर्यंत मुभा दिली आहे खरी. परंतु खालच्या पायऱ्यांवर ओलेत्याने उभ्या असलेल्या स्त्रियांची मर्यादा कोणत्या सरकारी नकाशात रंगवलेली असते? मी यंत्र पैलतीरीच्या उसाकडे वळवले. तोच एक घार घिरट्या घालीत जवळ आली. विणीचे दिवस, घरटे जवळच असावे. बॅटरी निम्मी शिल्लक असतानाच, घारीच्या हद्दीतून मी ड्रोन सावकाश खाली उतरवला.