सिकलसेल : पाणी पिऊनही पेशी का सुकते?

गडचिरोली-चंद्रपूर भागात काम करणाऱ्या डॉक्टरला सिकलसेल पुस्तकात शोधावा लागत नाही. 'एसएस पॅटर्न' म्हणजे आजार आणि 'एएस पॅटर्न' म्हणजे वाहक, हे इथल्या खेड्यांतही अनेकांना माहीत आहे. प्रत्येक एसएस रुग्णाला आम्ही एक सल्ला हमखास देतो : भरपूर पाणी प्या. त्यावर एका आईने मला विचारलं होतं, "पानी त पेतेच पोरगा. मंग कायले दुखते त्याले?"

प्रश्न अगदी रास्त आहे. घरातली मंडळी पोरालाच बोल लावत असतात, की पाणी पीत नाहीस म्हणून दुखतं. म्हणून उत्तर नीट समजून घेऊ.

तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने भरलेली पाण्याची पिशवी. तिच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. हा फरक टिकवण्यासाठी आवरणातला एक पंप सतत 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. क्षार जिकडे जातात तिकडे पाणी जातं. म्हणून पेशीत पाणी किती राहील, हे आवरणातले क्षारांचे दरवाजे ठरवतात.

यातले काही दरवाजे ऑक्सिजन पाहून उघडतात आणि मिटतात. पोटॅशियम व क्लोराइड जोडीने बाहेर नेणारा एक दरवाजा निरोगी पेशीत ऑक्सिजन कमी झाला की मिटतो. सिकलसेलच्या पेशीत मात्र तो ऑक्सिजन कमी असतानाही चालूच राहतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 6 व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं. एवढ्याशा बदलामुळे ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. आवरण ताणलं जाऊन त्यात एक जादा वाट उघडते. तिथून कॅल्शियम आत शिरतं आणि पोटॅशियमचा आणखी एक दरवाजा उघडतो. हंगेरीचे शास्त्रज्ञ गार्दोश यांनी 1958 मध्ये कॅल्शियमचा हा परिणाम दाखवला, म्हणून त्या दरवाजाला त्यांचं नाव आहे. पोटॅशियम बाहेर, मागोमाग क्लोराइड आणि पाणीही बाहेर. पेशी आक्रसते.

आता आतलं हिमोग्लोबिन दाट झालं. ते जेवढं दाट, तेवढ्या लवकर काड्या बनतात. पाणी थोडंसं घटलं तरी हा वेळ खूपच कमी होतो. खरं तर ही शर्यतच असते. बारीक केशवाहिनीतून पेशी साधारण एक-दोन सेकंदांत पार होते. काड्या बनण्याआधी ती निसटली, तर फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन भरून घेते. आतच अडकली, तर पुढचा रक्तप्रवाह थांबतो आणि हाडं ठणकू लागतात.

गंमत म्हणजे, ताडोबातले चितळ-सांबर ज्या कुळातले, त्या कुळातल्या अनेक जातींच्या तांबड्या पेशीही वाकतात. हे 1840 मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. पण त्यांच्या पेशी ऑक्सिजन भरपूर असताना वाकतात आणि त्यांना त्याचा त्रास होत नाही. आपल्या रुग्णाची पेशी मात्र ऑक्सिजन कमी असलेल्या ठिकाणी वाकते, आणि घात होतो तो तिथे.

मग पाणी पिऊन काय होतं? सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद घटलेली असते, त्यामुळे शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. रक्तद्रव दाट झाला की तो पेशीतलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेतो. पाणी प्यायल्याने हे टळतं. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना किंवा अंगात ताप असताना म्हणूनच पाण्याची जास्त गरज असते. रोवणीच्या दिवसांत गार पाण्यात तासन्‌तास उभं राहिल्याने रक्तवाहिन्या आकसतात, पेशीची वाट लांबते आणि शर्यत हरण्याची शक्यता वाढते.

पण प्यायलेलं पाणी आवरणातले दरवाजे बंद करत नाही. गार्दोशचा दरवाजा बंद करणारं सेनिकापॉक नावाचं औषध रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. पेशी कमी फुटल्या, पण दुखण्याचे झटके कमी झाले नाहीत. एकच दरवाजा लावून हा आजार आवरत नाही.

हायड्रॉक्सियुरिया मुळाशी काम करतं. त्याने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, ते काड्यांमध्ये सामील होत नाही, आणि पेशीला निसटायला वेळ मिळतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासत, रोज घ्यायचं असतं. दुखणं थांबलं म्हणून ते सोडू नका.

त्या आईला मी सांगितलं ते थोडक्यात असं : पाणी पाजत राहा, गोळी चुकवू नका, आणि तरीही दुखलं तर पोराला रागावू नका. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक फिकटपणा किंवा हात-पाय लुळे पडणं यांपैकी काहीही दिसलं, तर घरी पाणी पाजत वाट पाहू नका. थेट दवाखाना गाठा.