खर्ड्याच्या बाजारपेठेतली गढी

जामखेडहून सुटलेली एसटी बालाघाटच्या डोंगरांकडे वळते आणि तासाभरात खर्डा येतं. इथे येणारे बहुतेक जण थेट किल्ला गाठतात. मी आधी गावात शिरलो. ज्या सुलतानराजे निंबाळकरांनी 1745च्या सुमारास हा किल्ला बांधला, त्यांची गढी भर वस्तीत आहे.

निंबाळकर निजामाच्या पदरचे मातब्बर सरदार. 1884च्या गॅझेटियरमध्ये त्यांचा वाडा देखणा, पण पडका असल्याची नोंद आहे. तेव्हा खर्ड्यात पाचशेवर व्यापारी, दुकानदार नि सावकार होते. बालाघाटचं धान्य आणि कापड इथून पुण्याकडे जाई, मंगळवारी गुरांचा मोठा बाजार भरे. एवढी उलाढाल सांभाळायची तर सरदाराचं घर पेठेतच हवं.

या मुलखातल्या गढ्यांची बांधणीही त्याच गरजेतून घडली. तळाला घडीव दगडाचं जोतं, वर विटांच्या नि पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, कोपऱ्यांवर बुरूज. आत चौक, भोवती ओसरी नि सोपे, वर लाकडी तुळयांवर तोललेलं माळवद. बाहेरून किल्ला, आतून नांदतं घर. जाड मातीमुळे ऐन वैशाखातही आत गारवा राहतो. पण माळवद गळू लागलं की पाणी भिंतीच्या पोटात उतरतं आणि एकेक पावसाळा तिला पोखरत जातो.

गावाच्या आग्नेयेचा चौकोनी किल्ला मात्र दगडी तटामुळे टिकला. तट पंचवीस-तीस फूट उंच. 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याजवळच निजामअलीची फौज सवाई माधवराव पेशव्यांच्या सैन्याशी भिडली. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन, सगळे मराठे सरदार एका बाजूला होते. रात्री निजामाने याच किल्ल्याचा आसरा घेतला. वेढा पडला, पाण्याची टंचाई झाली, आणि दौलताबादसह मुलूख नि तीन कोटी रुपये कबूल करून त्याला सुटका करून घ्यावी लागली.

ही लढाई शाळेच्या पुस्तकात पोचली, म्हणून किल्ल्याला माणसं येतात. पण खर्डा त्या एका लढाईपुरतं नव्हतं. इथे पिढ्यान्‌पिढ्या बाजार भरला, हिशेब झाले, संसार झाले, आणि त्याची साक्ष गढीच देते. वास्तुकला शिकणाऱ्या मुलांनी इथे यावं, उरलेल्या प्रत्येक भिंतीचं मोजमाप घेऊन नकाशे काढावेत. दगडाला वेळ आहे, मातीला नाही. हे काम पुढच्या पावसाळ्याआधी सुरू व्हायला हवं.